चिमटेवाल्या बाई

चिमटेवाल्या बाईंनी या शहरातली एकही भिंत नुसती भिंत म्हणून सुखानं जगू दिली नाही. गिरणीची असो, सलूनची असो, कारखान्याच्या सायकल-स्टँडची असो, भिंत दिसली की बाई थांबायच्या, मान तिरकी करायच्या, एक डोळा मिटायच्या आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायच्या, "इथं ऊन किती वाजता येतं?" नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. जातही नाही, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं नव्हतं. बाईंचं आडनाव कळल्यावर आम्ही मात्र त्यांचं सगळं एका दमात ओळखून टाकलं होतं. चळवळीत ते तेवढं लवकर जमतं.

माझी धाकटी बहीण ज्या मुलींच्या शाळेत होती तिथं या चित्रकलेच्या बाई. शाळा सुटली की लुनावर बसायच्या आणि शहरात भिंती हुंगत फिरायच्या. लुनाच्या पुढच्या पिशवीत सुतळीचा गुंडा आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. ही त्यांची आर्ट गॅलरी. गावात चित्रप्रदर्शनासाठी एक हॉल होता, पण तिथं उद्घाटनाला मंत्री मिळाल्याशिवाय चित्रं टांगायची पद्धत नव्हती. बाईंनी एकदा अर्ज केला, हॉलच्या साहेबांनी विचारलं, "प्रमुख पाहुणे कोण?" बाई म्हणाल्या, "जो पहिला येईल तो." अर्ज परत आला. त्या दिवसापासून बाईंची कारकीर्द सुरू झाली, आणि शहराच्या भिंतींची साडेसाती.

त्यांचे नियम आमच्या पक्षाच्या घटनेपेक्षा कडक होते, आणि मला हे कबूल करायला लाज वाटते की पाळलेही जायचे. दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, सुतळी बांधायची. सुतळीवरचा पहिला चिमटा जागेच्या मालकाचा. तिथं काय लावायचं ते तो ठरवणार, बाई ब्र काढणार नाहीत. शेवटचा चिमटा रिकामा ठेवायचा, उशिरा येणाऱ्यासाठी. आणि ऊन गेलं की प्रदर्शन संपलं. या बाई स्वतः चित्र काढतात का, हा आमच्यात वादाचा विषय होता. कुणीही त्यांचं एकही चित्र पाहिलं नव्हतं.

आमची ओळख झाली ती शहागंजातल्या पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या मागच्या खोलीत आमचं सायक्लोस्टाइल मशीन होतं. नामांतराची लढाई पेटलेली, रोज एक पत्रक निघायचं, आणि ते बहुतेक मीच लिहायचो. उद्गारचिन्हं मी मुठीनं पेरायचो. एके दिवशी बाई थेट आत आल्या आणि त्यांनी त्यांचा तो प्रश्न विचारला. मी म्हणालो, "बाई, इथं क्रांतीची वेळ विचारतात, उन्हाची नाही."

बाईंनी खिडकीकडं पाहिलं. "क्रांतीचं मला सांगता येणार नाही. ऊन साडेनऊला येत असेल."

आलं साडेनऊलाच.

आमच्या खोलीत ओल होती म्हणून त्यांनी ती नाकारली (एवढा अपमान माझा पोलिसांनीही केला नव्हता) आणि बाहेर गिरणीत सुतळी बांधली. पहिल्या चिमट्याला गिरणीवाल्यानं त्याचा गिरणीचा जुना पट्टा लटकावला. त्याच्या शेजारी एका होतकरू चित्रकाराची कोळशानं काढलेली काळीकुट्ट चित्रं. दुपारपर्यंत त्यांच्यावर बाजरीच्या पिठाचा असा थर बसला की चित्रकार रडकुंडीला आला. बाई खूश! "रडू नका हो, जागेनं सही केली आहे." वेरूळ बघायला आलेले मुंबईचे एक झब्बेवाले गृहस्थ तिथं उगवले. ते भारावून म्हणाले की हा फार मोठा पर्यायी कला-अवकाश आहे, आणि बाई क्युरेटर आहेत. बाईंनी शांतपणे विचारलं, "पर्यायी म्हणजे? गिरणी तर आधीपासून इथंच आहे." गृहस्थांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "त्या पाहुण्याला सरकायला सांगा, ज्वारी दळायचीय."

सलूनमधल्या प्रदर्शनाची गोष्ट तर शहरानं पुरेशी चघळली आहे. मुलींनी काढलेल्या प्राण्यांची चित्रं बाईंनी नेमकी आरशाच्या समोरच्या भिंतीला लावली. दाढीला बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आरशात स्वतःच्या खांद्यावरून डोकावणारं गाढव दिसायचं. सलूनवाले मियाँ हात जोडून म्हणाले, "बाई, गधे कू जरा बाजू में सरकाव ना. वकीलसाब उठ के चले गये, बोले मेरेकू बोला क्या."

बाई म्हणाल्या, "मियाँ, गाढव तिथंच राहू द्या. खुर्ची सरकवा."

आणि मियाँनी खुर्ची सरकवली! आम्ही वर्षानुवर्षं व्यवस्था बदलायला निघालो होतो, आमच्यानं एक स्टूल हललं नव्हतं.

त्या वर्षांत चिकलठाण्याकडं रोज नवा भोंगा वाजायला लागला होता. शेतं गेली, शेडं आली, आणि शेतांचे मालक त्या शेडांच्या दारात वॉचमन झाले. बाईंनी एका कारखान्याचा सायकल-स्टँड गाठला. पाळी सुटते आणि माणसं सायकली काढतात, तेवढ्यात प्रदर्शन. आठ मिनिटं! त्या आठ मिनिटांसाठी बाईंनी तीन दिवस सुतळ्या बांधल्या. भोंगा झाला, माणसं धावत आली, चित्रं डोक्याला लागली, कुणी शिव्या घातल्या, कुणी थांबलं. एकानं तर एक चित्र सरळ कॅरिअरला लावून नेलं. मी म्हणालो, "चोरी झाली, बाई." बाईंचा चेहरा लग्नघरासारखा. "चोरी नाही हो, कार्यकर्ते. त्यानं निवडलं." त्या मला कायम 'कार्यकर्ते' म्हणायच्या, अनेकवचनी. मी एकटा असलो तरी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. विद्यापीठाच्या नामांतराच्या निमित्तानं खेड्यापाड्यांत आमच्या वस्त्यांचं जे केलं गेलं, ते सांगायला मी पत्रकं लिहिली आहेत. इथं एवढंच सांगतो की कन्नडच्या वाटेवरच्या एका गावात माझ्या मावशीचं घर होतं, ते जाळलं. छप्पर गेलं, दार गेलं, चार भिंती राहिल्या. मावशी शहरात आमच्या दोन खोल्यांत आली आणि नव्या कारखान्यांच्या बांधकामावर पाट्या उचलायला लागली. तिकडं शेजाऱ्यानं तिच्या भिंतींच्या आत बैल बांधायला सुरुवात केली. आणखी एक उन्हाळा गेला असता तर तो गोठाच ठरला असता. मी 'पुनर्वसन झालेच पाहिजे' या विषयावर पाच पत्रकं काढली. प्रत्येक पत्रक मावशीला वाचून दाखवायचो. ती पूर्ण ऐकायची आणि म्हणायची, "लई ब्येस लिव्हलंस. मग कवा जायाचं?"

याचं उत्तर कोणत्याच पत्रकात नव्हतं.

बहिणीची चित्रवही द्यायला बाई एकदा आमच्या घरी आल्या. मावशी दारात तांदूळ निवडत होती. बाईंनी सवयीनं विचारलं, "तुमच्या घरात ऊन किती वाजता येतं?" म्हणजे या घरात. पण मावशीला घर म्हटलं की एकच घर.

ती म्हणाली, "आता दिसभर येतंय, बाई. छप्परच नाय."

बाईंनी हातातली चित्रवही खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "भिंती दाखवाल मला?"

आणि महिनाभरानं मला बातमी कळली की चिमटेवाल्या बाई माझ्या मावशीच्या जळक्या घरात चित्रप्रदर्शन भरवणार आहेत! माझं डोकं फिरलं. गिरणी झाली, सलून झालं, आता आमची राख हवी यांना? त्याच दुपारी, मावशीला न विचारताच, मी आयुष्यातलं सर्वांत जहाल पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आमच्या राखेवर तुमची रांगोळी नको!' खाली 'या प्रदर्शनावर बहिष्कार टाका!' आणि त्याखाली, आजवर कधी टाकलं नव्हतं, माझं पूर्ण नाव. गुलमंडीवर वाटत होतो तेव्हा समोर लुना थांबली. बाईंनी माझ्या हातून एक घेतलं, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"मथळा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कागद फार पातळ. वाऱ्यावर टिकायचा नाही. एक प्रत जाड कागदावर काढून द्याल?"

मी रागारागानं काढून दिली. जाडात जाड कागदावर. असा मूर्खपणा फक्त पत्रकवालाच करू शकतो: कुणी प्रत मागितली की त्याला नाही म्हणता येत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सहा जण काळे झेंडे घेऊन एसटीनं निघालो. गावात पोचलो तर मावशीच्या चार भिंतींत सुतळ्या बांधलेल्या, आणि त्यांवर सिमेंटच्या पिशव्यांचे तपकिरी कागद. बाई महिनाभर बांधकामावर जाऊन बसल्या होत्या. मावशीबरोबर पाट्या उचलणाऱ्या, तिच्यासारख्याच घर सोडून आलेल्या बायकांकडून त्यांनी एकच काम करवून घेतलं होतं: तुमचं घर होतं तसं काढा. कोळशानं, चुन्यानं. चूल इथं, उतरंड इथं, शेळी इथं. एकीनं घराएवढी कोंबडी काढली होती. मावशीचं घर बाईंनीच तिला विचारून विचारून तिच्याच हातानं काढून घेतलं होतं.

मी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्या चिमट्याकडं लक्ष गेलं. पहिला चिमटा, जागेच्या मालकाचा. तिथं माझं पत्रक. 'या प्रदर्शनावर बहिष्कार टाका!'

"मावशे, हे तू लावलंस?"

"मंग? माझ्या भाच्याचं नाव छापलंय."

"अगं, पण त्यात काय लिहिलंय माहीत आहे का तुला?"

"बाईनं वाचून दावलं की समदं. तू रागावलायस. रागवायलाच पायजेस." मावशीनं कागदाचा कोपरा सरळ केला. "पर घरच्या माणसाचा राग घरात लावायचा असतोय रं. पेठंत वाटत फिरायचा नाय."

माझे पाचही साथी झेंडे धरून उभे होते आणि माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात वाऱ्यानं मधली सुतळी सैल झाली. बाई आल्या. "कार्यकर्ते, काठ्या रिकाम्या आहेत का? टेकू द्यायला दोन हव्यात."

दोन मागितल्या, सहा दिल्या. संघटनेच्या अहवालात मी नंतर लिहिलं, 'निदर्शने यशस्वी.'

आधी गावातली पोरं आली. मग पाण्याला निघालेल्या बायका घागरी घेऊन बाहेर थांबल्या. तो शेजारी सोडला तर जळिताच्या दिवसापासून या घराकडं गावातलं कुणी मान वळवून बघितलं नव्हतं. त्यातली एक जण आत वाकून मावशीच्या चित्राकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "व्हय, रांजण हितंच होता हिचा. मी पाणी पिलेय त्यातलं." चित्रात रांजण होता त्या जागी शेजाऱ्याचा बैल रवंथ करत उभा होता. सगळ्यांनी चित्राकडं पाहिलं, मग बैलाकडं. शेजारी गर्दीत होता. त्यानं येऊन दावं सोडलं आणि बैल घेऊन गेला.

ऊन कलताना एक पटकेवाले म्हातारे आले. गावात त्यांचा शब्द चालतो, आणि जळिताच्या दिवशी तो कुठं होता हे मी त्यांना विचारणारच होतो. ते उंबऱ्याशी थांबले. दार नव्हतं, चौकट नव्हती, तरी थांबले. म्हणाले, "आत येऊ का?"

मावशीनं त्यांच्याकडं पुरतं बघून घेतलं. "व्हाणा काढून या."

त्यांनी काढल्या.

ऊन गेलं, बाई चिमटे काढायला लागल्या. मी मावशीला म्हणालो, "चल, शेवटची एसटी जाईल."

"तू जा," मावशी म्हणाली. "पाव्हणं येऊन गेलं. आता घर उघडं टाकून कशी येऊ?"

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही छपरासाठी पत्रे नेले.

त्यानंतर कुणीतरी वर तक्रार केली की या बाई शाळेच्या मुलींना नको त्या ठिकाणी नेतात, नको ते शिकवतात. बाईंची बदली झाली, पार लांब, जिथं एसटीसुद्धा आठवून आठवून जाते. दिल्लीत कुणाला सर्दी झाली तरी पत्रक काढणारा मी, बाईंच्या बदलीवर एक ओळ लिहिली नाही. मोर्चे होते, अटक होती, हर्सूलच्या जेलची हवा होती. कारणं माझ्याकडं भरपूर आहेत, आणि सगळी पातळ कागदावरची.

नामांतर अजून झालेलं नाही. मावशीच्या घरावर पत्रे आहेत, पूर्वेला दार आहे. एका भिंतीला ती सुतळी अजून तशीच. तिच्यावर ती कपडा वाळत घालू देत नाही. बाईंनी जाताना दोन चिमटे ठेवले. एकात माझं पत्रक आहे, पिवळं पडलेलं. मावशी रोज त्यावरची धूळ झटकते. वाचता येणारे पाहुणे ते वाचून हसतात. मी एकदा काढायला गेलो तर तिनं हातावर चापट मारली, "ऱ्हाऊ दे. तुझं येवढं एकच लिव्हलेलं कामी आलंय."

दुसरा चिमटा रिकामा आहे. तो बाईंचा, असं मावशीनं ठरवून टाकलं आहे. म्हणून मी बाईंना कार्ड टाकलं: तुमच्या हातचं एक चित्र पाठवा, इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ. 'त्या भिंतीवर आता ऊन किती वाजता येतं?'

परवा सकाळीच जाऊन मी मावशीजवळ भिंतीसमोर बसलो. घड्याळ मांडीवर. पावणेनऊला दारातून ऊन आलं. आधी माझ्या रागावर पडलं, मग सुतळीवरून सरकत रिकाम्या चिमट्यापर्यंत गेलं आणि तिथं बराच वेळ थांबलं.

तसं कळवलं आहे. या वेळी जाड कागदावर. उत्तर अजून आलेलं नाही.