अरासेलीचा अबोला

अरासेलीनं तोंड मिटलंय, ही बातमी गावाआधी तारल्यांना कळली असणार. रोज सकाळी ती समुद्रकाठी वाळू भरलेल्या जुन्या होडीत निखारे फुलवते, तारल्या बांबूच्या काडीला ओवते आणि नवऱ्याला शिव्या देत देत भाजते. त्या ऑगस्टात तारल्या नुसत्याच भाजल्या जायला लागल्या. चव उतरली म्हणत होते लोक.

नवरा ब्लास तिथंच टेबलं पुसत असायचा. त्याला काही सांगायचं झालं की अरासेली मांजराकडं तोंड करायची. "त्या बाप्याला म्हणावं, सावलीतल्या टेबलाला बियर पायजे." मांजर कुठलं उठतंय! ब्लास मुकाट्यानं बियर नेऊन द्यायचा आणि येता येता मांजरालाच म्हणायचा, "दिली म्हणावं."

भांडणाचं मूळ होतं आहोब्लांको. बदाम, लसूण, शिळा पाव आणि तेल घोटून केलेलं पांढरं गार सार. वर द्राक्षं टाकायची. उन्हाळ्यात आमच्याकडं हे ज्या घरात होत नाही ते घर बंद पडलं असं समजायचं. तर अरासेलीची धाकटी बहीण कुस्तोदिया हिच्याकडं जेवायला गेले असताना ब्लासनं तीन वाट्या ओढल्या, वाटी चाटली आणि चारचौघांत म्हणाला, "हां! ह्याला म्हणायचं आहोब्लांको."

बस्स. घरी येईस्तोवर अरासेलीनं जाहीर करून टाकलं, की शब्द माघारी घेतल्याबिगर ह्या माणसाशी बोलेन तर बापाचं नाव लावणार नाही. आणि ब्लास म्हणजे खेचरच. पाय रोवले की रोवले.

मी सेराफीन, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माद्रिदची माणसं उन्हाळ्यात आली की आम्हाला हसतात, म्हणतात, तुम्ही शब्दांची शेपटं खाता. खातो की. तारलीचंही शेपूट खातो. दोन्ही कुरकुरीत लागतात. त्यामुळं मी सांगतोय ते शेपटाशिवायचंच समजा.

अरासेलीचा बाप ऊसतोड्या. आता जिथं गोल्फचं मैदान आहे तिथं तेव्हा उसाचे फड होते, आणि ती चालायला शिकली ती त्याच सरींतून. पुढं मालकानं ऊस मोडला, गवत लावलं, निलगिरी आणि पाइन ओळीनं उभे केले. गाव कुरकुरलं तेव्हा बोली झाली, की सोमवार गावाचा. तेव्हापासून सोमवारी मैदानात कोळी, गवंडी, सुईण, पाद्री, कोण वाटेल तो काठ्या खांद्यावर टाकून हिंडतो. झाडं आता एवढी झालीत की पहिल्या होलापासून शेवटापर्यंत सावलीसावलीनं जाता येतं. मधूनच फांदीतून समुद्र चमकतो, आणि नवव्या होलाला साखर कारखान्याच्या जुन्या धुराड्यावर नेम धरून मारायचं.

अरासेलीचा फटका बघण्यासारखा. शिकवलेला नाही, बापाकडून आलेला. कोयता घालावा तसा खाली वाकून सपकन् मारते आणि चेंडू बुडखा तुटल्यासारखा निघतो. साठी उलटली तरी कंबर कुठं कुरकुरत नाही. पण जत्रेच्या सोमवारी जोड्यांची स्पर्धा असते, ती तिनं जन्मात जिंकली नव्हती. बक्षीस असतं हामोन. मिठात मुरवून, वर्षावर वर्ष टांगून वाळवलेली डुकराची अख्खी मांडी. जिंकणारा ती स्वयंपाकघरात टांगतो आणि वर्षभर पाहुण्याला आधी तिच्याखालनं नेतो.

न जिंकण्याचं कारण गावाला पाठ होतं. ह्या खेळात जोडीला चेंडू एकच. एक फटका बाईनं मारायचा, पुढचा बाप्यानं, मग परत बाईनं. ब्लासची पाळी आली की अरासेली सुरू व्हायची. "पाय फाक. एवढा न्हवं. मान खाली. आरं, खाली म्हंजी काय कबरीत?" ब्लासचा चेंडू झाडीत. मग झाडीत शिरून दोघं भांडायची आणि मागच्या जोड्या खोळंबून तिथंच डबे सोडायच्या.

गेली दोन वर्षं हामोन कुस्तोदियाच्या स्वयंपाकघरात लटकत होता. यंदा अबोल्यामुळं ही जोडी उतरणार नाही असं सगळे धरून चालले होते. कुस्तोदिया बाजारात म्हणालीसुद्धा, "ताईनं आराम करावा. भिंतीत तिसरा खिळा मारलाय आमी."

संध्याकाळी अरासेली मांजराला म्हणाली, "त्या बाप्याला सांग, सोमवारी नवाला काठ्या घेऊन उभं ऱ्हायचं. आणि म्हणावं, बोलणार न्हाई ती न्हाईच."

मी आणि माझी बायको तोमासा त्यांच्याच बरोबर खेळायला लागलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. पहिल्या होलाला अरासेली गप्प. ब्लासनं पाय हवे तसे फाकले, मान हवी तिथं ठेवली आणि असा मारला की त्याला स्वतःलाच पटेना. त्यानं सवयीनं शिव्यांची वाट बघितली. आल्याच नाहीत. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला तसंच. अरासेली कोयता घातल्यासारखी मारायची, ब्लास दूध उतू न देता काढावं तसा चेंडू हळूच होलाजवळ ठेवायचा.

"इतकी वर्षं ही बाई गप बसली आसती तर गावातला एक हामोन सुटला नसता ह्यांच्या हातनं," तोमासा माझ्या कानात म्हणाली.

"तू बी बघ की गप बसून," मी म्हणालो. तिनं काठीच्या मुठीनं माझ्या बरगडीत ढोसलं, आणि आमचा पुढचा फटका रेतीत गेला.

पण एक होतं. ब्लास जसा चांगला खेळत चालला तसं त्याचं तोंड उतरत चाललं. धुराड्याच्या होलाला त्याचा लांबचा चेंडू घरंगळत जाऊन टुपकन् आत पडला. गडी हात वर करून वळला, बायकोकडं बघितलं. अरासेलीच्या गालावर हसू आलेलं मी पाहिलं. तिनं ते चावून गिळलं आणि निलगिरीकडं बघायला लागली. ब्लासनं हात खाली घेतले. पुढं चालता चालता मला म्हणतो, "सेराफीन, आसलं जिंकून करायचं काय? मांजराला सांगायचं?"

"मग घे की शब्द माघारी."

"खोटं कसं बोलू? सार खरंच झ्याक झालंवतं."

शेवटच्या होलाला आलो तेव्हा कुस्तोदिया आणि तिचा नवरा लेआन्द्रो खेळ संपवून जत्रेच्या मांडवात वाइन घेत बसले होते. आकडे सगळ्यांना ठाऊक. इथं पाच फटक्यांत चेंडू घातला तर हामोन अरासेलीचा, सहा लागले तर बरोबरी. पहिला फटका अरासेलीचा, सुरेख, मधोमध. दुसरा ब्लासचा. समोर डबकं, डबक्यापलीकडं हिरवळ. ब्लासनं मारला आणि चेंडू गेला डबक्यात. बदकं उडाली. मांडवात कुस्तोदियानं टाळी वाजवली.

पाण्यात गेला की दंडाचा एक फटका धरायचा आणि अलीकडं नवा चेंडू टाकून खेळायचं. पण दंडानं पाळी बदलत नाही. ब्लासनं मारलेला, म्हणजे पुढचा अरासेलीचाच. हे आमच्या गावात बदकांनाही माहीत आहे. आणि ब्लास? खिशातनं चेंडू काढला, टाकला, काठी निवडली आणि स्वतःच उभा राहिला मारायला! चुकीच्या हातानं मारलं की आणखी दोन दंड. खेळ खलास, तिसऱ्या खिळ्याचं भलं.

मी तोंड उघडलं, तर तोमासानं पायावर पाय दिला. अरासेली लाल झाली. एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. ब्लासनं काठी मागं घेतली, सावकाश, एवढी सावकाश की दुपार टळली असती.

"आरं थांब मुडद्या!" डबक्यापलीकडचं पाखरू न् पाखरू उडालं. "माझी पाळी हाय! डोकं समुद्रात सोडून आलास का? आन् पाय बघ, पाय! बैल मुतायला हुबा ऱ्हावा तसा!"

ब्लासनं काठी खाली टेकवली. ह्या कानापासून त्या कानापर्यंत हसला. "पाळी कुणाची ते ठावं हाय मला. म्हनलं बघू तरी, आवाज हाय का गेला."

"नकटीच्या! मुद्दाम केलंस?"

"मारलं नसतं गं."

"मारलं आसतं तर तारलीसंगं काडीला ओवला आसता तुला!"

शिव्या थांबेनात. किती दिवसांचं साठलेलं होतं, बांध फुटला. शिव्या देत देतच अरासेली चेंडूवर वाकली, सपकन् घातला, आणि चेंडू डबक्यावरनं जाऊन होलाच्या अलीकडं हातभर थांबला. चार झाले. आता हातभर अंतर, ब्लासची पाळी, आणि गेला की हामोन घरात. लेकरानं घातला असता.

"मान खाली," अरासेली म्हणाली. "एवढी न्हवं. गुडघा. आरं गुडघा कुठला ते कळतंय का?"

चेंडू होलाच्या काठाला शिवून पलीकडं गेला. मांडवातली हसून हसून टेबलांवर पडली. अरासेलीनं तो शिव्यांसकट आत ढकलला. सहा. बरोबरी.

बरोबरी झाली की आमच्याकडं फेरखेळ होत नाही. जेवणाची वेळ कोण मोडणार? हामोन तिथंच मांडवात कापायचा आणि सगळ्यांनी खायचा. लेआन्द्रो सुरीला धार लावायला लागला. कुस्तोदिया गाडीतनं पातेलं घेऊन आली, थंडगार, वर द्राक्षं. अरासेली म्हणाली, "बस जरा," आणि तिनंही टोपलीतनं आपलं पातेलं काढलं. मग दोघी बहिणींनी एकेक वाटी ब्लाससमोर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ब्लास ही वाटी प्यायला. ती वाटी प्यायला. दोन्ही चाटल्या.

"आता बोल," अरासेली म्हणाली.

ब्लासनं लेआन्द्रोच्या हातातली हामोनची जाडजूड चकती घेतली, घडी घातली आणि अख्खी तोंडात कोंबली. चावायला लागला. चावतोय, चावतोय. एक संपत आली की हात दुसऱ्या चकतीकडं.

"आरं बोल की!"

ब्लासनं माझ्याकडं बघितलं, मग टेबलाखाली. अरासेलीच्या अंगाला येणाऱ्या तारल्यांच्या वासानं मांजर गावातनं मागं मागं आलेलं होतं. चकतीचा एक तुकडा त्यानं मांजरापुढं टाकला आणि बोटानं अरासेलीकडं दाखवलं, सांग म्हणून.