साबण लावल्यावर मिळालेले वाचक

जुळे सोलापुरातला माझा सलूनवाला माझ्या ब्लॉगला 'ब्लॉक' म्हणतो. "मामांनी नवा ब्लॉक काढलाय की!" गिऱ्हाईक विचारतं, "कितव्या मजल्यावर?"

माझ्यासारख्या चौथी नापासाला वाचक कोण देणार? म्हणून हा गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासतो, मोबाईल काढतो आणि मोठ्यानं वाचतो. तसलं तोंड घेऊन माणूस पळणार कुठं? असे माझे वाचक.

लिहिलंय सगळं माझ्या बायकोवर. आधी ती चहा टाकते; शेवटच्या चार ओळींत ती जाते, खरीच वारली तशी. तेवढ्या ओळी तो कधीच वाचत नाही.

काल मी खेकसलो, "पुढचं वाच की! लई कष्टानं लिहिलंय."

त्यानं मोबाईल खिशात घातला. "ऱ्हाऊ द्या मामा. मामी आत्ता कुटं चहा टाकायल्यात."