कोरड्या टाकीवरची चाळीस मिनिटं

जनरेटरची डिझेलची टाकी मी स्वतः धुतली आणि परत भरायला विसरलो. वर अहवालात लिहून टाकलं — ‘तयार. आठ तास चालेल.’

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. माझा विश्वास डिझेलवर. म्हणून तर हा अनुभव पचत नाही...

एकाहत्तरचा डिसेंबर. युद्ध सुरू होतं. नगरजवळच्या लष्करी ठाण्यांत लाईट गेली तर काय काय बंद पडेल आणि जनरेटर किती तास तग धरेल, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. सायकल, वही आणि रुबाब — तिन्ही सरकारी. त्या दिवशी एका ठाण्यातल्या छोट्या दवाखान्याची पाळी होती. टाकीत गाळ साचलेला, तो सकाळी काढला, टाकी आतून फडक्यानं पुसली, ऐटीत अहवाल लिहिला आणि जेवायला गेलो.

दुपारी एकला लाईट गेली. आत टेबलावर एक जवान, पोटाचं ऑपरेशन अर्ध्यावर. जनरेटर सांभाळणारे काष्टीचे बाबूराव हँडल धरून म्हणाले, “सायेब, टाकी भरलीया नव्हं?”

“काठोकाठ,” मी छातीठोक सांगितलं.

इंजिन धडधडलं. मी मिशीवरून हात फिरवला... आणि कोपऱ्यातला रिकामा डबा दिसला. डिझेल आणायचंच राहिलं होतं! नळीतल्या उरल्यासुरल्या तेलावर इंजिन फार तर दोन-तीन मिनिटं चालणार. बाबूरावांना काही न बोलता डबा उचलला, सायकल हाणली. कोठार दीड मैलावर. वाटेत दोनदा चेन उतरली. परत आलो तेव्हा चाळीस मिनिटं झालेली — आणि इंजिन एका लयीत चालू.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. टाके घालून झाले, जवान वाचला, म्हणाले. पाठोपाठ लाईट आली, बाबूरावांनी इंजिन बंद केलं. मी टाकीत गज घातला. कोरडा. त्याला अडकून माझंच सकाळचं फडकं वर आलं, तेही कोरडं. मग मी हँडल मारून पाहिलं, खांदा निखळेपर्यंत. इंजिन ढिम्म.

पुढं कित्येक इंजिनिअरांना विचारलं. कारण कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही.

त्या दुपारी बाबूरावांपाशी मात्र सगळं कबूल केलं. ते फडकं पिळून बघत शांतपणे म्हणाले, “इंजिनाला बी कळलं आसंल सायेब... तुमच्या भरवशावर ऱ्हायलं, तर गडी जायाचा.”