वेन्डलसाठी सरळ अक्षरं

ब्रश ती दातांत धरायची, त्यामुळे ओठाच्या कोपऱ्यात कायम कुठला तरी रंग असायचा. पाव हाताने तोडायची, सुरी लावायची नाही. रस्त्यावरच्या कुठल्याही पाटीसमोर थांबून अक्षरांना शिव्या घालायची. पट्टी लावून रेघ मारणाऱ्यांचा तिला राग. घाई करणाऱ्यांचा त्याहून जास्त.

मॅव्हिस लिंडक्विस्ट हेट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत राहायची आणि नाचगाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं काढायची. तिची अक्षरं फुगायची, वितळायची, एकमेकांच्या कुशीत शिरायची. लालाला लागून ती तितकाच भडक निळा भरायची. मग डोळा ठरत नसे. कागद जागच्या जागी थरथरतोय असं वाटे.

"अगं बाई, वाचता येत नाही!" कार्यक्रमवाले कुरकुरायचे.

"ज्याला थांबायला वेळ नाही, त्याने नाचायला येऊच नये."

ती अक्षरं चालता चालता वाचणारा एकच माणूस होता. तिचा धाकटा भाऊ, वेन्डल. स्टॉकटनच्या घरी लहानपणी ती त्याच्या पाठीवर बोटाने अशीच अक्षरं काढायची आणि तो ओळखायचा.

गल्लीच्या तोंडाशी फुकट दुकान होतं. कुणीही काहीही ठेवावं, कुणीही काहीही न्यावं. कोट, बूट, भांडी. ‘तुम्ही कोण’ असं विचारायचं नाही, एवढाच नियम. त्या सदुसष्टच्या उन्हाळ्यात मॅव्हिसने आपल्या वळणाची सगळी मुळाक्षरं एका मोठ्या कागदावर काढून तिथे टांगली. खाली लिहिलं, ‘सगळ्यांची आहेत. घ्या.’

चकचकीत बुटांचा एक माणूस आला आणि तो कागद घेऊन गेला. दुकान सांभाळणाऱ्या ग्रेडीने त्याला गुंडाळी करून दिली, वर दोरीही बांधून दिली.

सप्टेंबरात वेन्डल दारात उभा राहिला. केस बारीक कापलेले.

"सही केली, मॅव्ह. सैन्यात. सोमवारी बस आहे."

"कुणी धरून नेलं तुला?"

"धरतंय कोण? मार्केट स्ट्रीटवर भरतीच्या कचेरीवर भलीमोठी पाटी लागलीय. मी चालता चालता वाचली. आतला साहेब बघतच राहिला. म्हणाला, पोरा, लोक इथे उभे राहून डोळे चोळतात. म्हटलं, माझ्या बहिणीचं वळण आहे हे." तो हसला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

ती पाटी पाहायला गेली. लालाला लागून निळा. ‘ये, जग बघायला ये.’ फुगलेली, वितळलेली, तिचीच अक्षरं. व्हिएतनामच्या लढाईचं नाव कुठेच नव्हतं.

तिथून ती तडक फुकट दुकानात गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी शिजवलेलं बीन्सचं पातेलं तिने लाथेने उडवलं.

"शांत हो गं," ग्रेडी म्हणाला. "किती वाईट लहरी सोडतेयस."

"लहरी? माझा भाऊ मरायला चाललाय, गाढवा! आणि त्या चकचकीत बुटवाल्याला तू दोरी बांधून दिलीस!"

"सगळ्यांची आहेत असं तूच लिहिलंस, मॅव्हिस."

"सगळ्यांची म्हणजे त्यांचीसुद्धा?"

"मग सगळे म्हणजे कोण?"

त्यावर ती जास्तच पेटली.

वेन्डलला तिने विनवलं, मग शिव्या दिल्या. कॅनडात सैन्याचा हात पोचत नाही, तिकडे जायला गाडी मिळवते म्हणाली. तो म्हणाला, "आता पळालो तर बाबा माझं तोंड बघणार नाहीत."

सोमवारी सकाळी पाटीसमोर बस लागली. पोरं चढायला लागली होती. मॅव्हिस शिडी आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन आली. शिडी ग्रेडीने धरली. त्याला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ‘वेन्डल, घरी चल.’ एवढंच पाटीवर लिहायचं होतं. पण सरळ अक्षरांत. साहेबाला, ड्रायव्हरला, खिडकीतल्या प्रत्येक पोराला एका नजरेत वाचता यावं असं. जुनं वळण आता तिचं राहिलं नव्हतं.

पहिलंच अक्षर पोटात फुगलं. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. तिने फडक्याने पुसलं, पुन्हा काढलं. ते खाली वितळलं. पुन्हा पुसलं.

"असू दे तसंच, लवकर लिही!" ग्रेडी खालून ओरडला.

"नाही! सरळ पाहिजे!"

वेन्डलचं नाव तिला हवं तसं उभं राहिलं, तेव्हा बसमध्ये शेवटचा पोरगा चढत होता. दुसऱ्या शब्दाला बसचं इंजिन सुरू झालं. वेन्डलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मॅव्ह! तुझ्या अक्षरासारखं वाटतच नाही गं!"

"उतर खाली! वेन्डल, उतर!"

बस गेली. शिडीवरूनच तिने डबा रस्त्यावर फेकला. खाली उतरली आणि ग्रेडीकडे न बघता चालायला लागली. त्याच आठवड्यात तिने खोली सोडली. कुठे गेली, ते कुणाला सांगितलं नाही.

पाटी अजून तिथेच आहे. सैन्याच्या जाहिरातवाल्यांनी पुसली नाही. लोक थांबायला लागलेत, त्यांना तेवढंच हवं होतं. परगावचे लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. काय सुंदर कल्पना आहे, म्हणतात. लालनिळ्यावर काळी, ठसठशीत, पोरालाही वाचता येतील अशी अक्षरं: ‘वेन्डल, घरी’. पुढे एका शब्दाची जागा मोकळी आहे.