दोन सुपांचं विमान

आमच्या साखऱ्यात विमान सगळ्यांनीच पाहिलं होतं, पण मान वर करून. विमानाचं नाक फडक्यानं पुसलेला माणूस मी एकटाच. लांबच्या एका वर्कशॉपात मी प्रोपेलरचा, म्हणजे विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा, फिटर होतो. सुट्टीवर आलो की सेनगावच्या जीपवाल्यांत मला टपावर बसवायला भांडणं लागत आणि आमच्या बकऱ्या आभाळाकडं बघत. यातलं निम्मं तरी खरं धरा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कुरुंद्याच्या एका हळदवाल्याच्या घरी माझ्या सोयरिकीची बोलणी चालली होती. ती पोरगी मी एका लग्नात पाहिली होती. पंगतीत तिनं मला बुंदी वाढली आणि मी त्या बुंदीवर पुढच्या सुट्टीपर्यंत जगलो. तेव्हा हे जमणं भागच होतं.

घात केला माझ्या मामानं. पोरीच्या वडलांनी विचारलं, “पावनं, पोरगं काय काम करते?”

मामानं छाती फुगवली. “पंख्याचं!”

“म्हंजे, पंखे दुरुस्त करते?”

“व्हय. पर लई मोठे.”

वडलांचा चेहरा पडला. हळदीचा हंगाम, त्यामुळं बैठक खळ्यातच होती. शेजारी पत्र्याचा ढोल खडखडत होता. शिजवून वाळवलेली हळद त्यात घासून चकचकीत होत होती. डिझेल इंजन ढोल फिरवून राहिलं होतं, अन् पिवळा धुरळा सगळ्यांच्या चहात पडत होता. “पंखेवाल्याला पोरगी दिली म्हनून सोयऱ्यायला कसं सांगू?” ते म्हणाले.

मी उठलोच. “काका, इंजन ऐका तुमचं. ढोलात हळद टाकली की दमतं, मंग आपोआप जोर धरतं. काहून?”

“गव्हर्नर हाय न् त्याला, चाल सांभाळाले.”

“बराबर! तसाच माझ्या पंख्याला. त्यात वजनं गरगर फिरतात. पंखा उधळला की वजनं बाहेर फाकतात, तेलाची वाट बदलते, अन् तेल पात्याला पिळा देतं. पातं हवेचा मोठा घास घेतं, ओझं वाढतं, पंखा ताळ्यावर येतो. मंदावला की स्प्रिंग वजनं आत दाबते, पातं घास लहान करतं, पंखा मोकळा होतो. तुमचं इंजन डिझेल कमी-जास्त करतं, माझा पंखा घास.”

वडलांच्या तोंडावर काही उमटेना. मग मी शेजारी हळद पाखडणाऱ्या बायांच्या हातातली दोन सुपं ओढली, हात पसरले आणि खळ्याच्या मधोमध गिरकी घेतली. सुपं उभी धरली की हवा अशी अडवायची, जणू मी बैलजोडीला उलटं ओढतोय. आडवी केली की भिंगरी! अशी भिंगरी की माझे पाय जमिनीपासून चांगले हातभर सुटले. कुरुंद्यात साक्षीदार आहेत. ढोलाभोवतीचा सगळा धुरळा उठून माझ्या अंगावर बसला.

“अन् इंजनच बंद पडलं तं?” वडील ओरडले. “मंग तुमचा गव्हर्नर काय करते?”

उत्तर मला तोंडपाठ होतं. पण चक्कर अशी आली होती, की मला वडीलच तीन दिसत होते. त्यातल्या कोणाला सांगावं? सोयरीक मोडली, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्या हातातलं सूप कोणीतरी काढून घेतलं. पोरगीच होती. तिनं सुपाची धार समोरून येणाऱ्या वाऱ्याकडं केली. “पातं असं वळवून ठेवत असतील, बाबा. वारा दोन्हीकून निघून जाते. पसरट धरलं तं विमानाला मागंच ओढंल न्.”

“ब-बराबर,” मी एवढंच म्हणालो आणि हळदीच्या ढिगावर बसलो.

वडलांनी लेकीकडं पाहिलं. “तू काहून त्याच्याकून बोलून राहिली?”

ती सूप टाकून घरात पळाली. तिची आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. “दादा, आता काय इचारता? पोरगी त्याच्याकून बोलली, अन् पोराला नखापासून केसापातुर हळद लागली. हळद लागलेला नवरदेव कोनी माघारी धाडते का?”

खळंभर हसू फुटलं. वडलांनी इंजन बंद केलं, गुळाचा खडा माझ्या पिवळ्या तोंडात कोंबला आणि कानात म्हणाले, “जाता जाता आमचा छताचा पंखा तेवढा पाहून जा. खडखड करते.”

मी पाहिला. तो पुन्हा कधीच फिरला नाही. सासरे मात्र आजही पाव्हण्यांना तो बंद पंखा दाखवून सांगतात, “आमच्या जावयानं गव्हर्नर बसवला हाय.”