खोलीत तर आला पायजे

बँकेत हयातीचा दाखला द्यायला मी त्या दिवशी धाराशिवला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे सात-आठ म्हातारे, आपण जिवंत आहोत हे सांगायला आधार कार्ड हातात धरून उभे. तेवढ्यात गौतमच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. जेवण झालं, खुर्चीत टेकले, आणि बसल्या बसल्याच... मी रांग सोडली आणि नळदुर्गची एसटी धरली. तुळजापूर येईपर्यंत मला रडू आलं नाही, नुसता राग येत होता. शाळेच्या बाकापासूनची सोबत, आणि जाताना या माणसानं मला साधी हाक मारू नये? आज महिना होत आला. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

गौतम आणि मी नळदुर्गच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि तो एका साखर कारखान्याच्या टर्बाइनवर लागला. मी पेटी वाजवतो, त्यामुळे गावात कानाचा माणूस म्हणून माझी ओळख. गौतम मोजमापाचा माणूस. अंग तापलं तरी थर्मामीटर लावल्याशिवाय हा गडी अंथरूण धरायचा नाही. जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीतली पोरं भिंतीएवढे स्पीकरचे डबे लावून कानठळ्या बसवायची, तेव्हा हा एकटा त्यांच्याशी भांडायचा. "मोठा नगं रं, साफ पायजे. बाबासाहेबांचं गाणं हाय, शब्द कळू द्या की लोकांस्नी." पोरं हसायची. मीही हसायचो. पण त्यानं तारा जोडून दिल्या की त्या वर्षी गल्लीच्या टोकाला शब्दन् शब्द कळायचा, हे मात्र खरं.

निवृत्त झाल्यावर त्यानं एकच हौस करायची ठरवली. घरात स्पीकरची एक जोडी आणायची, अस्सल, जमिनीवर उभी राहणारी, छातीइतक्या उंचीची. गावात कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. दुसरा कुणी दुकानात जाऊन घेऊन आला असता. यानं आधी मापाचा माइक आणला, लॅपटॉप आणला आणि पहिल्यांदा मोजली ती बैठकीची खोली. खालच्या पट्टीतल्या आवाजाला खोलीत घुमारा येतो म्हणून चारी कोपऱ्यांत ज्वारीची पोती उभी केली. मग महिनाभर लॅपटॉपवरचा आवाजाचा ग्राफ नीट. एके दिवशी पुन्हा रेघेला उंचवटा आला आणि याचा जीव कासावीस झाला. वायरी तपासल्या, माइक तपासला. शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "अवो, त्या कोपऱ्यातलं पोतं दळायला काढलंय म्या. भाकरी खायाची का ग्राफ खायाचा?" मी त्या दिवशी पोट धरून हसलो. तेव्हापासून दळणाचं पोतं स्वयंपाकघरात आणि मापाची पोती बैठकीत, असा घरात करार झाला. मी त्याला चिडवायचो, "देवानं कान दिलेत आणि तू कागद बघतोस." तो हसून पुन्हा लॅपटॉपकडे वळायचा. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कारण पुण्याला स्पीकर बघायला निघालो तेव्हा सोलापूरच्या पुढे त्यानं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर एक रेघ होती. डावीकडून सरळ चालत आलेली, आणि अर्ध्यावर विहिरीत पडावी तशी खाली गेलेली. "गुरुजी, ह्यो माझ्या कानाचा ग्राफ," तो म्हणाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी काढून दिला होता. "टर्बाइननं खाल्ला. घुंगरू, टाळ, तंबोऱ्याचं ते बारीक... वरचं समदं गेलंय. राहिलेलं बी जाणार म्हनत्यात." इतके दिवस मी ज्या कागदांची टिंगल केली, ते त्याला का लागत होते हे मला त्या एसटीत कळलं. "आता असं करायचं," तो म्हणाला, "म्या माप बघतो, तू ऐक. दोन्ही जुळलं की घ्यायचा."

दुकानदार भला माणूस होता. यानं पिशवीतून माइक काढल्यावर आधी चमकला, मग स्वतःच टेबल सरकवून द्यायला लागला. दिवसभरात दोन जोड्या उरल्या. पहिलीचा ग्राफ सारवलेल्या जमिनीसारखा सपाट. तिच्यावर गाणं लागलं आणि मी डोळे मिटले. बाई समोर बसून गात होती. गौतम म्हणाला, "मला जरा मुका वाटतोय." दुसरीत वरच्या आवाजांना फोडणी जास्त होती, रेघ उजवीकडे चढलेली दिसत होती. माझ्या कानाला ते टोचत होतं. पण गौतम एकदम पुढे वाकला. "आरं, टाळ! टाळ आला की रं!" त्याचा चेहरा असा काही उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. त्यानं विचारलं, "तुला कंची?" मी मनात म्हटलं, किती दिवस उरलेत याच्या कानात? ऐकू दे की बापड्याला. आयुष्यभर पेटीचा सूर इकडचा तिकडे खपवून न घेणारा मी, त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो. "दुसरी घे. लई गोड हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दुकानदाराला म्हणाला, "पहिली द्या."

परतताना मी तणतणत होतो. ढाब्यावर जेवायला बसलो तेव्हा फुटलोच. "माझं ऐकायचं नव्हतं तर मला नेलंस कशाला?" तो शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, "ऐकलं की तुजं. दुसरी वाजली तवा तुजं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालंतं. पेटी उतरली की व्हतंय तसं. म्या कागद कमी आन् तुजं तोंडच जास्त बघत व्हतो." मी म्हणालो, "अरे, पण तिच्यात तुला टाळ ऐकू येत होता!" त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. "ताणून मोठा केलेला टाळ त्यो. वाजवणाऱ्यानं तसा वाजवलाच न्हाय. मला न्हाय आला तर न्हाय आला. खोलीत तर खरा आला पायजे. सुमन हाय, तू हायस." एवढं बोलून त्यानं माझ्या ताटात त्याच्या वाटणीची मिरची टाकली.

पुढची सहा वर्षं दर रविवारी दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसलो. कानाला लावायचं यंत्र त्यानं घेतलं होतं, पण गाण्याच्या वेळी काढून ठेवायचा. म्हणायचा, त्यानं गाणं पत्र्याचं होतं. त्याच्यापर्यंत जे पोचत नसे ते आलं की मी बोट वर करायचं, असं आपोआप ठरून गेलं. "आला?" तो विचारायचा. "आला," मी म्हणायचो. मग अशा समाधानानं मान डोलवायचा की जणू त्यालाच ऐकू आलं. हळूहळू मी जास्त वेळा बोट वर करू लागलो, तो जास्त वेळा विचारू लागला. मला त्याची फार आठवण येते, आणि सगळ्यात जास्त येते ती रविवारी जेवण झाल्यावर.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावून घेतलं. त्यांचा मुलगा म्हणत होता स्पीकर झाकून ठेवू, त्यांनी झाकू दिले नव्हते. "लावा भाऊजी काय तरी, घर लई गप झालंय," असं म्हणून त्या पहिल्यांदाच कामधाम सोडून गौतमच्या खुर्चीत बसल्या. मी एक ठुमरी लावली. आमची नेहमीची, शंभरदा ऐकलेली. मधेच वहिनींनी बोट वर केलं. मी चमकलो, कारण मला काहीच ऐकू आलं नव्हतं. गाणं मागे नेलं, पुन्हा लावलं. त्याच जागी त्यांचं बोट पुन्हा वर. मी पुढे वाकलो, श्वास रोखला. बाईंचा गळा होता, तबला होता, सारंगी होती. त्यांच्या मागे काही नव्हतं. याच जागी मी स्वतः बोट वर करत आलो होतो, हे मला पक्कं आठवत होतं. माझ्या कानातून हे कधी गेलं, मला कळलंसुद्धा नाही.

"आला?" मी विचारलं.

"आला की," वहिनी म्हणाल्या. "घुंगरू हाय. साफ येतंय."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी गौतमसारखीच मान डोलावली, आणि गाणं पुढे चालू दिलं.