पांढरी वडी

सोनपेठच्या आठवडी बाजारात एक बाई पळसाच्या पानावर सोयाबीनच्या पांढऱ्या वड्या मांडून बसायची. दाणे उकडून, साल काढून, त्यांना विरजणासारखी मुद्दाम पांढरी बुरशी लावलेली. माझा जन्म धान्याच्या आडतीवर बुरशीचा माल परत पाठवण्यात गेलेला. गिऱ्हाईकाआधी ती स्वतः तुकडा तळून खायची, तेही मला नाटकच वाटायचं.

"लय ताकद हाय यात, मामा. उद्याच तळून खा."

मी एक वडी नेली आणि ती खाण्याजोगी असल्याची खात्री पटेपर्यंत घरी फळीवर ठेवली. रोज वास घ्यायचो. चौथ्या दिवशी ती काळी पडली. पुढच्या बाजारी मी ती जिंकल्यासारखी तिच्यापुढे ठेवली.

तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"तव्यावर टाकायची व्हती, मामा. तुमी तिच्यावर पहारा ठिवला."